घटलेले मार्क

साहेबराव सरांनी बेरीज तिसऱ्यांदा केली. सरासरी तीच आली. पहिल्या दिवशी पन्नासपैकी एकतीस, शेवटच्या दिवशी बावीस. पेपर तोच, पोरंही तीच.

प्राचार्य टेबलाशी उभे होते. "तीन आठवडे शिकवून पोरांचे मार्क घटवलेत तुम्ही," ते म्हणाले. "चारपर्यंत अहवाल द्या. पुढच्या साली हा वर्ग नको."

ते गेले. सरांना राग आला नाही. तेवढा दमच उरला नव्हता. मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलेल्या पोरांसाठी हा ओळखवर्ग मिळवायला त्यांनी दोन वर्षं अर्ज केले होते. शेवटी यंदा, नव्याण्णवच्या ऑगस्टात, तो सुरू झाला. सर स्वतः केदारखेड्याहून शिकायला आले, तेव्हा त्यांचं पहिलं वर्ष नुसतं फळ्याकडे बघण्यात गेलं होतं. त्यांनी कागद पुढे ओढला. ‘वर्गाचा उपयोग झाला नाही,’ असं लिहिलं.

तेवढ्यात बेबीनंदा ड्रॉइंगचा बोर्ड परत द्यायला आली. आष्टीची पोरगी, रोज पहिल्या बाकावर. सगळ्यांत जास्त घसरली होती तीच. बेचाळिसावरून सतरावर.

"काय झालं गं? तीन आठवडे काहीच कळलं न्हाई का?"

तिनं बोर्ड टेबलाला टेकवून ठेवला.

"सर, पहिल्या दिवशी बारावीचं पाठ होतं, ते जसंच्या तसं लिहून दिल्तं. आता न समजलेलं लिहायला हातच धजंना. मंग जेवढं कळलं, तेवढंच लिहिलं."

सरांनी गठ्ठ्यातून तिचे दोन्ही पेपर काढून शेजारी शेजारी ठेवले. पहिला प्रश्न होता, ताण म्हणजे काय? पहिल्या पेपरात पुस्तकातली व्याख्या, स्वल्पविरामासकट. पाचपैकी पाच. दुसऱ्यात विहिरीचं चित्र. कप्पी, दोर, दोरावर एक बाण. ‘आमचा दोर दरवेळी इथंच तुटतो. म्हणजे इथं ताण जास्त असावा. का, ते अजून कळलं नाही.’ त्याखाली सरांच्याच हातचं लाल शून्य.

शिपाई पुंजाराम दाराशी आला. "सर, साहेब अहवाल मागून राह्यले."

"त्यांना सांगा, आज मिळणार न्हाई," सर म्हणाले. "सगळे पेपर पुन्हा तपासायचेत. मीच चुकीचे तपासलेत."