हत्यार जमा करताना

गोळी वाळूच्या पेटीत शिरली, म्हणजे जिथे शिरायला हवी तिथेच. फक्त ती सुटायलाच नको होती.

पिस्तूल शस्त्रागारात जमा करण्याआधी ते रिकामं आहे हे दाखवावं लागतं. वाळूच्या पेटीकडे नळी धरायची, आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, आणि शेवटी चाप. टिक असा आवाज आला की सही करून घरी जायचं. निवृत्त जनरलसाहेबांनी आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं. मधल्या मध्ये एक गोळी नळीत जाऊन बसली. टिकच्या जागी जे झालं त्याने तिघांच्याही कानठळ्या बसल्या.

तिघं म्हणजे जनरल, त्यांना घेऊन आलेली मुलगी आणि शस्त्रागाराचा सार्जंट.

"बाबा, रिकामं आहे म्हणाला होतात."

"नळी रिकामी होती. गोळ्या मॅगझिनमध्ये होत्या."

"म्हणजे टीव्हीखालच्या कपाटात, पोरांच्या खेळण्यांशेजारी, इतकी वर्षं भरलेलं पिस्तूल होतं?"

"कुलूप होतं."

"किल्ली टीव्हीवर असायची, बाबा."

झोपलेलं मूल उचलावं तसं सार्जंटने त्यांच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं. स्लाइड मागे ओढली, आत डोकावून पाहिलं, करंगळी घालून पाहिली. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. मैदानावरची कवायत थांबली होती. साऱ्या छावणीने आवाज ऐकला होता, आणि आपण काही ऐकलं नाही असं साऱ्या छावणीने ठरवलं. कवायत पुन्हा सुरू झाली.

"साहेब, मी काही पाहिलेलं नाही."

"तुझ्या भुवईवर वाळू आहे," जनरल म्हणाले आणि स्टुलावर बसले. "गंमत बघ. दोन लढाया झाल्या, हे एकदाही सुटलं नाही."

"मग लढाईत करायचात काय त्याचं?" मुलीने विचारलं.

"नकाशावर ठेवायचो. तिकडे वारा फार."

समोरच्या भिंतीवर पाटी होती. ज्याच्या हातून हत्यार चुकून सुटेल त्याने ते डोक्यावर धरून मैदानाला पाच फेऱ्या माराव्यात. हुद्दा विचारात घेतला जाणार नाही. खाली जनरलांचीच सही होती, हात थरथरत नव्हता त्या काळातली.

मुलीने पाटी वाचली आणि वडिलांकडे पाहिलं. ते काय करणार हे तिला कळलं. "वय विचारात घेणार नाही असं कुठे लिहिलेलं नाही, बाबा."

"वयाचं तेव्हा सुचलं नाही."

"ताई, तुम्ही साहेबांना घेऊन जा," सार्जंट म्हणाला. "पावती मी घरी पोचवतो. मलाही पळवलं होतं साहेबांनी, नवा नवा भरती झालो तेव्हा. हात असे भरून आले की शेजारच्या खाटेवरचा मला आठवडाभर भरवत होता. या वयात नको."

"तुझी चूक काय होती?" जनरलांनी विचारलं.

"हीच, साहेब. स्लाइड आधी."

"आणि कोणी पाहिलं नाही, असं कोणी म्हणालं नाही?"

"कॅप्टनसाहेब म्हणाले होते. तुम्ही त्यांनाही पळवलंत."

जनरलांनी कोट काढून मुलीच्या हातात दिला.

"बाबा, गुडघा."

"तो येईल माझ्याबरोबर."

"हट्ट कसला हा? कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"कोणी नाही. म्हणून तर." ते टेबलाला धरून उठले. "आज असाच घरी गेलो, तर इतक्या जणांना मी उगाचच पळवलं असं होईल. ह्याचा तो आठवडा फुकट जाईल. आण रे इकडे."

सार्जंटने रिकामं पिस्तूल पुन्हा एकदा तपासलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

जनरल मैदानात उतरले. दोन्ही हातांनी पिस्तूल डोक्यावर धरलं आणि निघाले. पळणं शक्यच नव्हतं. चालणंही जेमतेम. कवायत घेणाऱ्याने आपली तुकडी मुकाट्याने पाठमोरी फिरवली.

मैदानाच्या टोकाला झेंड्याखाली एक मिशीवाला पहारेकरी उभा होता. जनरल जवळ येताच त्याने टाच आपटून सलाम ठोकला. जनरलांचे हात वर अडकलेले होते. ते तसेच पुढे गेले.

पहारेकऱ्याचा हात कपाळाशीच राहिला.

"तो हात खाली का करत नाही?" दारातून मुलीने विचारलं.

"साहेबांनी सलाम घेतल्याशिवाय करता येत नाही, ताई."

"आणि बाबा कधी घेणार?"

"हात मोकळे झाल्यावर. पाचवी फेरी संपली की."

"मग त्याला कोणीतरी सांगा ना."

"काय सांगू? त्याचं बरोबर आहे." सार्जंटने डोळ्यात गेलेली वाळू पुसली. "दोघांचंही बरोबर आहे."

दुसऱ्या फेरीला जनरल झेंड्यापाशी यायला बराच वेळ लागला. कोपरं वाकली होती, पिस्तूल आता केसांना टेकत होतं. पहारेकऱ्याचा हात किंचित कापत होता. त्याच्यासमोर आल्यावर जनरलांनी पाऊल जरा आवरलं.

"दुखतोय का रे?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"नाही, साहेब."

"माझे दुखतायत," जनरल म्हणाले आणि पुढे चालू लागले.