अर्धी गोळी

१९३२, दुपारचे तीन. रत्नागिरी बंदरावर मुंबईच्या बोटीचा भोंगा झाला. बोटीच्या दिवशी विधवा चिमा ओझी वाही आणि मूठभर तांदळांच्या बदल्यात जनीआजी तिचं वर्षाचं पोर सांभाळी. ते कधीच रडत नसे. आज त्याला सोपवताना आजीच्या बोटांत काळी गोळी दिसली. “आजी, ही अफू?” “मंग काय गूळ? सगळ्यांना देते. तुझ्या आयशीनं तुलापण दिली, मेलीस काय गो?” “आज नको देऊस.” “मंग घेऊन जा. सहा पोरं रडली तर म्हातारीनं काय करायचं?” पोर जावेकडे ठेवावं, तर तिनं सकाळीच तोंडावर दार लावलं होतं. दुसरा भोंगा झाला. उशिरा येणारीला मुकादम परत पाठवी. चिमानं गोळी नखानं तोडली, निम्मी कोनाड्यात ठेवली. “अर्धीच दे.” दिवेलागणीला ती परतली. पोर झोपलं होतं. कोनाडा रिकामा होता. चिमा पोराला हलवून हाका मारत राहिली.