केकच्या भांड्यातलं शेत

दरवर्षी हिवाळा सरताना सासरे गोठलेल्या शेतातून थंडीआधी पेरलेल्या गव्हासकट ढेकूळ कापून आणतात, माझ्या केकच्या भांड्यात घालून खिडकीत ठेवतात. घरातल्या उबेत हिरवं पातं फुटलं तर पीक जिवंत, नाहीतर शेत नांगरून दुसरं पेरायचं. यंदा बर्फाचं पांघरूण पडलंच नाही, गहू थंडीत उघडाच राहिला. भांड्यात नुसत्या वाळक्या काड्या. ट्रॅक्टर सुरू ठेवून नवरा खिडकीशी आला. “बाबा, गहू मेला. नांगर घालतो.” सासऱ्यांनी भांडं माझ्याकडे सरकवलं. “निदान माझं भांडं तरी सुटलं,” म्हणत मी ते ओट्यावर पालथं घातलं. ढेकळाच्या तळाशी कोवळी, पांढरीशुभ्र मुळं भांड्याची कड धरून गोल फिरली होती. “मेला कुठला, झोपलाय!” सासरे पुटपुटले. नवऱ्यानं ट्रॅक्टर बंद केला. बाहेर क्षितिजापर्यंत तपकिरी शेतं निजली होती. आम्ही तिघंही, जणू बाळ उठेल म्हणून, कुजबुजू लागलो.