मुळासकट

फौजदाराने चौकीतल्या टेबलावर पाकीट उपडं केलं. वनस्पतिशास्त्राच्या बाईंसमोर एक चोळामोळा झालेलं जांभळं फूल पडलं, पानं आणि मुळासकट.

"पकडलाय त्याच्या खिशात सापडलं. खून झालाय नदीकाठी. हा म्हणतो, मी दिवसभर वर पठारावर होतो, फूल तिथलंच आहे. आता तुम्ही सांगा."

पलीकडच्या खोलीत पट्टा वाजला. माणूस ओरडला.

बाईंनी मूळ हातात घेतलं. बोटाएवढं जाड, लाकडासारखं टणक. नदीकाठी याचं जे भावंड उगवतं, त्याचं मूळ दोऱ्याएवढं; बिचारं वर्षभरात मरतं. हे मात्र दहा-बारा उन्हाळे कोरड्या दगडांत तग धरून होतं. पानांच्या पाठीवर दाट पांढरी लव. बाईंना तेव्हाच कळलं होतं. पण फूल उघडून पाहिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, ही तीस वर्षांची शिस्त त्यांच्या हाडीमाशी खिळलेली.

"वाटीभर गरम पाणी द्या," त्या म्हणाल्या.

फूल पाण्यात भिजत पडलं. पट्टा पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. मग पट्टा नव्हे, काहीतरी जड.

"त्यांना जरा थांबायला सांगा हो!"

"तुम्ही तुमचं काम करा, बाई. ते त्यांचं करतायत."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी चिमट्याने एकेक पाकळी सोडवली, पुंकेसर मोजले. दहा हवेत, नऊच भरले. पुन्हा मोजले. दहावा पाकळीला चिकटून बसला होता मेला. तेवढ्यात पलीकडे काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि ओरडणं एकदम थांबलं.

"पठारावरचंच आहे!" बाई जवळजवळ किंचाळल्या. "नदीकाठी हे उगवतच नाही. खरं बोलतोय तो, सोडा त्याला!"

दार उघडलं. शिपाई घाम पुसत बाहेर आला. त्याच्या हातातल्या कागदावर अंगठा उठला होता. त्यात शाई कमी होती आणि रक्त जास्त.

"कबूल झाला, साहेब. नदीवरच होतो म्हणतो. फूलही तिथलंच म्हणतो."

वाटीतलं फूल आता ताज्यासारखं टवटवीत दिसत होतं. फौजदाराने कागदाची नीट घडी घातली.

"ज्याने उपटलं तोच सांगतोय, बाई. तुम्हाला जरा उशीर झाला."