पाचव्या भागाची वाट

चौथा भागही संपला. पण तिसऱ्या भागात कृष्णविवरात ओढल्या गेलेल्या वैमानिक मुलीचं पुढे काय झालं, ते सिनेमावाल्यांनी सांगितलंच नाही. महाडला शहबाजच्या मोबाइलच्या दुकानात त्याचा आणि सुनीलचा त्यावरूनच वाद जुंपला होता.

"मेली रे ती," शहबाज म्हणाला. "यानातल्या लोकांनी तिच्या नावाने रिकामी पेटी अंतराळात सोडली की."

"पेटी सोडली म्हणून माणूस मरतो काय? मेलेली दाखवली नाय, म्हंजे जिती हाय."

"मग येईल पाचव्या भागात, बस वाट बघत."

तेवढ्यात सुनीलला गावाहून वडिलांचा फोन आला. त्यांचा आवाज शहबाजलाही ऐकू येत होता. "भटजी आलेत. दर्भाचा पुतळा तयार हाय. दरडीखालनं दर्शना गावली नाय, आता किती वरसं थांबायचं? भाऊ हायस, अग्नी तूच दे. ये."

शहबाजला आपलंच बोलणं टोचलं. "तुझं बरोबर असेल," तो हळूच म्हणाला. "दाखवली नाही म्हणजे असेल ती कुठेतरी."

सुनीलने बाइकची किल्ली उचलली.

"नाय रे," तो म्हणाला. "मेली ती."