तुटलेला पट्टा
पहिल्या महायुद्धात जबलपूरच्या एका कारखान्याचा निरोप्या गणपत मोटारसायकल ढकलत आला. इंजिनापासून चाकाकडे जाणारा चामडी पट्टा नर्मदेकाठच्या तिलवाऱ्याजवळ तुटला होता. "दामटली असशील गाडी!" फिटर विष्णुपंत सर्वांदेखत ओरडले. "नाही जी, हळूच चालवून राहिलो होतो," गणपत म्हणाला. कारखान्याच्या साहेबांनी तेवढ्यावरच त्याला लढाईवर निघालेल्या मजुरांत धाडलं. तिसऱ्या दिवशी नवा पट्टा चढवताना विष्णुपंतांना दिसलं, पट्टा जिच्यावरून फिरतो ती चकती, पुली, तिरपी आहे. तिच्या काठानेच जुना कापला गेला. ती गेल्याच आठवड्यात त्यांनीच बसवलेली. तेलकट हातांनीच ते साहेबांकडे धावले. "चूक माझी, साहेब. गणपतला परत बोलवा." "त्याची आगगाडी सकाळीच सुटली," साहेब म्हणाले. पुली सरळ करून पट्टा चढवताच मोटारसायकल सुरळीत धावली. "गणपतलाच चालवता येत नव्हती," लोक म्हणाले. "त्याला येत होती," विष्णुपंत खालमानेने म्हणाले, "मलाच पुली बसवता आली नाही."