अर्धा सेकंद थांब

गरुड पुन्हा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन चिकटला. शिकारी हात पुढे करून उभा, आणि हात रिकामा. कुआनिशने टेबलावर मूठ आपटली. सकाळपासूनची ही एकोणिसावी वेळ.

उद्या अकराला संग्रहालयात उद्घाटन होतं. मुलांनी पडद्यासमोर हात हलवला की शिकाऱ्याच्या मनगटावरचा गरुड उडायला हवा, एवढंच काम. इथे अल्माटीत ऑफिसच्या चांगल्या संगणकावर तो दहा वेळा नीट उडाला होता. संग्रहालयातला संगणक मंद, म्हणून तसलाच एक आणून बघितला, तर त्यावर हा पठ्ठ्या कोपरा सोडायला तयार नाही.

कोड जादिराचा होता. तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली पोरगी, आणि ते तीन महिने आज संपत होते. तिला ठेवायचं की नाही, ते कुआनिशने जेवणाआधी मालकांना कळवायचं होतं. त्याने तिची फाइल उघडली आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गरुडाला हलवण्याआधी तिने लिहून ठेवलं होतं, अर्धा सेकंद थांब.

"जादिरा! हे काय आहे?"

ती उठून आली. "थोडं थांबायला सांगितलंय, आगा."

"का? शिकारी चहा पिऊन येणार आहे?" खोलीतली कुजबुज थांबली. "दुखणं शोधायचं सोडून वरून मलम फासतेस? अगं, असलं लिहिलं तर आमच्या वेळी कान उपटायचे!"

"चुकलं, आगा," ती मान खाली घालून म्हणाली.

थोरल्यांना उलट बोलायची आपल्याकडे रीत नाही, आणि कुआनिश तर त्या खोलीत सगळ्यांचाच आगा, थोरला भाऊ. इथल्या प्रत्येक कामाखाली जी मूळ फाइल असते, ती त्याने अकरा वर्षांपूर्वी एकट्याने लिहिली होती. तिला कोणी हात लावत नसे.

मालकांसाठी त्याने 'नको' एवढंच लिहून ठेवलं आणि खरं दुखणं शोधायला जादिराची ती ओळ पुसली. झालं! आता गरुड चांगल्या संगणकावरही कोपऱ्यात. दातओठ खात तो एकेक पायरी मागे जात राहिला. गरुड शिकाऱ्याचा हात शोधत होता तेव्हा शिकारी पडद्यावर आलेलाच नव्हता; मंद संगणकावर तर त्याला यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागत होतं. लग्नाआधी बारसं! याला इतक्या लवकर उठवलं कोणी?

उठवलं होतं त्याच्याच मूळ फाइलने. पात्र तयार झालं की लगेच कामाला लाव, बाकीची आली की नाही ते बघू नको, असं तिथे सरळ लिहिलेलं होतं. खाली नाव कुआनिशचं.

त्याने जुनी सगळी कामं चाळली. अर्धा सेकंद थांब, ही ओळ एकेचाळीस ठिकाणी निघाली. शेजारी नावं त्यानेच शिकवलेल्या पोरांची. त्यातल्या दोघांना तर याच ओळीपायी त्याने आळशी म्हणून घरी पाठवलं होतं. दोघंही मुकाट्याने गेले होते. त्यातला येल्नार अजून दर नौरूझच्या सणाला फोन करून खुशाली विचारतो.

कुआनिशला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेचाही रागच आला. तो तडक जादिराच्या टेबलापाशी गेला. ती खण आवरत होती.

"चूक माझी आहे, हे तुला माहीत होतं?"

"हो, आगा."

"मग बोलली का नाहीस? नोकरी चालली होती तुझी!"

जादिराने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांनी माना आपापल्या पडद्यात खुपसल्या होत्या.

"इथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आगा," ती हळू आवाजात म्हणाली. "अर्धा सेकंद कुठे थांबायचं ते. आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."